तपेलं आणि मिल्डाबाईची म्हण

मला लाटवियाच्या भाषेतलं एकच वाक्य येतं. ते मी अजून बिनचूक म्हणते, असं माझं मत आहे. तपासायला आसपास कुणी लाटवियन माणूस नाही, म्हणून ते मत टिकून आहे.

'दुओत्स देवेयाम अद्दुओदास.'

म्हणजे, दिलेलं देणाऱ्याकडे परत येतं. लाटविया हा युरोपात पार वरच्या अंगाला, थंड समुद्राच्या काठचा देश. तिथली ही दानतीची म्हण. मी ती शिकले जव्हारला, संस्थान विलीन झाल्यावर पाच-सहा वर्षांनी. ज्ञानाच्या ओढीने शिकले असं सांगायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. माझं तपेलं अडकलं होतं.

'माझं' म्हणायची ही जुनी खोड. तपेलं सासूबाईंचं होतं. माझे सासरे संस्थानच्या जंगलखात्यात शिपाई होते. तेव्हा दसऱ्याला राजवाड्यावर दरबार भरायचा आणि जुन्या नोकरांना काहीबाही मिळायचं, कुणाला फेटा, कुणाला धोतरजोडी. संस्थानच्या शेवटच्या दसऱ्याला सासऱ्यांना पितळेचं मोठं तपेलं मिळालं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. पुढच्या दसऱ्याला संस्थान नव्हतं. त्याच्या पुढच्या दसऱ्याला सासरे नव्हते. तपेलं राहिलं.

सासूबाई, धोंडीबाई, जामसरला शेतावर थोरल्या मुलाकडे राहायच्या. हे, म्हणजे माझे यजमान, जव्हारच्या कचेरीत कारकून, म्हणून आम्ही दोघं जव्हारात भाड्याच्या दोन खोल्यांत. तपेलं वर्षातून एकदाच चुलीवर चढायचं. शेतातला नवा भात घरात आला की आधी तो शिजवून देवाला आणि पितरांना दाखवायचा, मग माणसांनी तोंडात घालायचा. त्याला आमच्याकडे नुसतं 'नवं' म्हणतात. नवं झाल्याशिवाय नव्या तांदळाचा दाणा कुणी खात नाही. ते नवं दर वर्षी माझी थोरली जाऊ पारू शिजवायची, आणि शिजवताना माझ्याकडे अशी बघायची की जणू तांदूळ तिनेच शोधून काढला आहे.

त्या वर्षी तपेल्याची कल्हई उडाली. कल्हईवाला जामसरला येत नसे, जव्हारच्या बाजारात बसे. श्रावणात सासूबाईंनी तपेलं डोक्यावरून आणून माझ्या पुढ्यात ठेवलं.

"कल्हई करून ठेव. नव्याच्या वक्ताला मी येन न्यायला. नीट ऱ्हायलं तर औंदा नवं तू शिजव."

"मी? आणि पारूवहिनी?"

"तिला मी सांगन. तू तपेलं सांभाळ. बघू तरी, फायनल पास सुनेच्या हातात एक भांडं टिकतं का."

फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली सून तेव्हा जव्हारात दुर्मिळ होती, असं मला वाटायचं. कुणाला विचारलं नव्हतं. लग्न होऊन दीड-दोन वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती, भाकरी अजून कडेला फाटायची. त्या घरात माझी म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती. नवं शिजवायचा मान मला इतका हवासा वाटला की त्या रात्री मला झोप लागली नाही. ह्यांना लागली.

आता मिल्डाबाई. आमच्या आळीच्या टोकाला कुणा परदेशी मंडळींनी दवाखाना काढला होता, तिथली ती नर्स. उंच, हाडापेराने मोठी, ऊन लागलं की नाक सोलवटायचं. लढाईत तिचं घरदार गेलं, मग काही वर्षं जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत काढली, आणि तिथून ती थेट जव्हारला आली. मराठी ती पोशेरा-खोडाळ्याच्या पाड्यांवर शिकली होती. ती 'नाय', 'हाय', 'काय करुं' असं बोलायची आणि मी तिला पुस्तकी मराठी शिकवायची. ती मन लावून ऐकायची आणि पाड्यावरचंच बोलायची. पाड्यावरच्या बायकांना तिचं सगळं कळायचं. माझं त्यांना निम्मं कळायचं.

एकदा मी तिला तिचा देश दाखवायला सांगितला. ह्यांनी कचेरीतून नकाशा आणला. तिने बराच वेळ शोधून एका भल्यामोठ्या गुलाबी रंगावर बोट ठेवलं.

"इथे."

"इथे तर रशिया लिहिलंय."

"हां. आमचा देश त्याच्यात घातला."

मला उलगडा झाला. "म्हणजे विलीन झाला! अहो, आमचंही संस्थान विलीन झालं. काळजी करू नका, सवय होते. पहिले काही महिने पगार उशिरा येतात, मग बरोबर यायला लागतात."

मिल्डाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किती छान धीर दिला आपण, असं मला वाटलं. तसं मला बरीच वर्षं वाटत होतं.

तर या मिल्डाबाईला एकदा मी वाटीभर लोणचं दिलं. दुसऱ्या दिवशी तिने वाटी घासून, पुसून, लख्ख करून परत आणली. आत काही नाही. मी वाटी हातात धरून उभीच राहिले.

"काय झालं?"

"भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, मिल्डाबाई. चिमूटभर साखर घालावी, चार दाणे घालावेत. रिकामं भांडं देणं म्हणजे आता आपला संबंध संपला असं सांगणं."

ती घाबरलीच. "माझ्याकडे साखर नव्हती."

"मग असेल तेव्हा परत करायचं!" मी म्हटलं.

हे वाक्य माझंच. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

भाद्रपदात तपेलं कल्हई होऊन आलं. आतून चांदीसारखं. बाहेरून मी चिंचेने घासलं, तर सोन्यासारखं. मी ते शेजारच्या भागीवहिनींना दाखवलं, समोरच्यांना दाखवलं, दुधाच्या रतीबवाल्याला दाखवलं. जव्हारात बघणारे संपले तेव्हा मिल्डाबाई उरली. पण नुसतं भांडं घेऊन कसं जायचं? म्हणून तांदळाची खीर केली. घरात बेताचं लहान वाटगंही होतं, पण वाटग्यावर नाव कोरलेलं नव्हतं. खीर तपेल्यात ओतली, वर फडकं बांधलं, आणि दवाखान्यात मिल्डाबाई कुणाला तरी सुई टोचत होती तिथे ठेवून आले. नाव तिच्या बाजूला येईल असं ठेवून आले.

दोन दिवस गेले, चार गेले. तपेलं येईना. साखर शोधत असेल, असं मी मनाला सांगितलं. आठवडा होत आला तेव्हा सहज म्हणून दवाखान्यात गेले.

"खीर गोड झाली होती ना, मिल्डाबाई?"

"काय माहीत," ती म्हणाली. "मी नाय खाल्ली."

"नाही खाल्ली?"

"तू ठेवून गेलीस आणि मला पोशेऱ्याहून बोलावणं आलं. बुध्याची बायको रामी अडली होती. पोर आलं, बरं हाय. पण घरात बाळंतिणीला द्यायला काय नाय. जुनं संपलं, नवं शेतात उभं. मी खीर नेलेली जीपमध्ये, मांडीवर धरून. तिला दिली. चंद्रकला, तुझ्या खिरीने तिच्या तोंडावर रंग आला."

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

"आणि तपेलं?"

"तिथेच हाय. मी परत आणत होते, तर बुध्याची आई, काळी नाव तिचं, तिने हातातून काढून घेतलं. रिकामं कसं देऊं म्हणाली. राजाचं भांडं, त्यात काय रानातली भाजी घालून देऊं? नागली निघाली का भरून देन." मिल्डाबाईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "मी तिला सांगितलं, बरोबर. चंद्रकलाने मला पण हेच शिकवलं. असेल तेव्हा परत करायचं."

जामसरचा भात दसऱ्याच्या आगेमागे कापायचा. डोंगरावरची नागली, म्हणजे नाचणी, त्याच्यानंतर. म्हणजे नव्याच्या वेळी तपेलं पोशेऱ्यालाच. माझा हिशेब तोंडावर दिसला असावा, कारण मिल्डाबाईने माझा हात हातात घेतला.

"माझी आई एक म्हण म्हणायची," ती म्हणाली. आणि तेव्हा तिने मला ते वाक्य सांगितलं. अर्थ सांगितला. पुन्हा म्हणायला लावलं. मी तीनदा चुकले, मग जमलं.

दिलेलं देणाऱ्याकडे परत येतं! मी ते वाक्य बँकेच्या पावतीसारखं घट्ट धरून घरी आले. भांडी घासताना म्हटलं, पाणी भरताना म्हटलं, देवाला दिवा लावताना तर मोठ्यानेच म्हटलं. भिंतीपलीकडून भागीवहिनींनी ऐकलं.

"कसला मंत्र गं हा?"

"म्हण आहे. गेलेली वस्तू परत येते," मी म्हणाले. खरा अर्थ सांगायचा तर तपेल्याची हकीकत सांगावी लागली असती, आणि भागीवहिनींना सांगितलेली गोष्ट जामसरला माझ्याआधी पोचायची.

"मला शिकव. माझी शेळी सकाळपासून दिसत नाही."

मी शिकवली. संध्याकाळी शेळी घरी आली. शेळ्या संध्याकाळी घरीच येतात, पण हे त्या दिवशी आळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या आठवड्यात एकीची जोडवी सापडली, दुसरीचा रुसून गेलेला नवरा वाडा गावाहून परत आला. बायका दवाखान्यात जाऊन मिल्डाबाईकडे 'मंत्र नीट म्हणून दाखवा' अशी मागणी करू लागल्या. मिल्डाबाई प्रत्येकीला आनंदाने म्हणून दाखवायची. जव्हारच्या बायकांना आपल्या देशाबद्दल इतकी आस्था कशी, याचं तिला नवल वाटायचं.

फक्त तपेलं येत नव्हतं.

मग जामसरहून बाजाराला आलेल्या माणसांबरोबर सासूबाईंचा निरोप आला. भात पिवळा झाला, कापायला आठ दिवस, पुढच्या बाजाराला येते. तपेलं काढून ठेव.

मी तशीच दवाखान्यात धावले. "मिल्डाबाई, पोशेऱ्याला कधी जाणार?"

"उद्या. रामीचं पोर बघायला. का?"

"मीही येते. पोर बघायला."

जीपमध्ये ड्रायव्हर तुका पुढे, मी आणि मिल्डाबाई मागे. मोखाड्यापर्यंत मी कशीबशी धीराने बसले, मग माझ्याने राहवेना.

"मिल्डाबाई, तुमची ती म्हण खोटी आहे."

"कशी?"

"दिलेलं परत येतं म्हणता. माझं तपेलं कुठे आलं?"

मिल्डाबाईने बराच विचार केला. ती कुठल्याही प्रश्नाचा खरोखर विचार करायची, ही तिची एक अडचणीची सवय होती.

"तू काय दिलंस?"

"तपेलं!"

"नाय. तू खीर दिलीस. तपेलं तू कुठे दिलंस? ते तर तुझं तुला परत पायजे होतं. म्हण दिलेल्याबद्दल हाय. खीर येईल परत. तपेल्याचं म्हणीला काय माहीत?"

पुढे बसलेल्या तुकाचे खांदे हलायला लागले. "बाई, कोर्टात जा तुमी," तो मिल्डाबाईला म्हणाला. मी पोशेरा येईपर्यंत बाहेर डोंगर बघत बसले.

रामीचं घर पाड्याच्या वरच्या अंगाला, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या. दारातच काळी म्हातारी भेटली. मिल्डाबाईने मी कोण ते सांगताच तिने हात जोडले, मग माझे दोन्ही हात धरून आत ओढलं.

"रामे, बघ कोन आली! खीरवाली आली! पोराला बघाया एवढ्या लांबून आली गो बाय!"

मी मान वर केली आणि तपेलं दिसलं. आढ्याला शिंक्यात टांगलेलं, तोंडाला सागाचं पान बांधलेलं, राखेने घासून मी केलं होतं त्याहूनही लख्ख केलेलं. सासऱ्यांच्या नावाचा भाग दरवाजाकडे. घरात येणाऱ्याला पहिलं तेच दिसावं. तसं ते टांगण्यात जो हेतू होता, तो मी ओळखला. माझाही तोच होता.

"रोज कोन ना कोन येतं बघाया," रामी म्हणाली. पोर तिच्या कुशीत, काळंभोर, मुठी वळलेलं. "मी सांगते, जव्हारच्या बाईने खीर धाडली तेच्यात. आमी समद्यांनी खाल्ली."

"समद्यांनी?" मी विचारलं.

"मी खाल्ली, मंग सासूने एक बोट, ह्यांनी एक बोट, शेजारच्यांनी एक एक बोट. ग्वाड होती बाय."

मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. 'काळीबाई, आमच्या घरी कार्य आहे, तेवढ्यापुरतं तपेलं द्या.' चांगलं सभ्य वाक्य होतं. तोंड उघडलं, तेवढ्यात काळीनेच शिंक्याकडे हात केला.

"तुझं भांडं हाय तसं हाय. नागली अजून हिरवी. मी रोज शेतात जाते, कणसाला विचारते, पिकतंस का नाय? तुझं भांडं लोंबकळतंय ना. मला झोप नाय." तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "पायजे का तुला? पायजे असंल तर ने. रिकामं ने. आमी गरीब मानसं. काय करुं?"

ती हे रागाने म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. रामीने मान खाली घातली. बुध्या दारात उभा होता तो अंगणात गेला. मिल्डाबाईने वजनासाठी उचललेलं पोरही नेमकं त्याच वेळी रडायचं थांबलं.

"छे छे!" असं कुणीतरी म्हणालं. "असू दे, काळीबाई. घाई नाही. तपेलं तुमच्याकडेच शोभतंय."

आवाज माझा होता. मला स्वतःलाच धक्का बसला. मिल्डाबाईने पोराचं वजन करता करता माझ्याकडे वळून पाहिलं.

पोर बघायला आले होते, तर रिकाम्या हाताने कसं निघायचं? वाटेत मोखाड्याच्या दुकानात काळीला खूश करायला म्हणून घेतलेली साखरेची पुडी रामीच्या उशाशी ठेवली. मग काळी म्हणाली, तू तरी रिकामी कशी जाशील, आणि परड्यातली एक काकडी तोडून आणली, माझ्या हाताएवढी लांब. तपेलं आणायला गेले होते, साखर देऊन काकडी घेऊन आले.

"चांगली हाय काकडी," परतताना तुका म्हणाला. "हिच्यात नवं शिजवा."

बाजाराच्या दिवशी सासूबाई आल्या. डोक्यावर आमच्या घरासाठी फडक्यात बांधलेला नवा तांदूळ, चेहऱ्यावर ऊन. चूळ भरली, पाणी प्यायल्या, फळीकडे पाहिलं.

"तपेलं?"

मी रात्रभर तीन-चार कहाण्या रचल्या होत्या. कल्हईवाल्याकडे आहे, झिलई बसली नाही, अशा. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सगळ्या एकदम विसरल्या. मी खरं ते सांगून टाकलं. मिल्डाबाई, रामी, काळी, नागली, सगळं. शेवटी म्हटलं, "मी मागायला गेले होते, आत्याबाई. पण मागता आलं नाही."

सासूबाई खाली बसल्या. हे पंचा घेऊन घाईघाईने आंघोळीला निघून गेले. सकाळी आंघोळ झालेली होती.

"खीर पाठवलीस तपेल्यातून," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"किती?"

"म्हणजे?"

"तपेल्यात कुठवर आलेली? दाखव." त्यांनी समोरची पाण्याची कळशी पुढे सरकवली. "हितवर? का हितवर?"

मी कळशीच्या बुडाशी, जिथे ती जमिनीला टेकते तिथून जरा वर, बोट ठेवलं.

तेव्हा मात्र त्या उठून उभ्याच राहिल्या. "राजाच्या तपेल्यात बुडाला खीर! दसऱ्याच्या तपेल्यात! अगो, त्यापेक्षा वाटगं न्यायचंस! माझ्या मालकाचं नाव काठावर आन् आत चार घोट? काय म्हनली असंल ती बाई? जामसरच्या मानसांनी भांडं पाठवलं भलंमोठं आन् आत बघावं तर उंदराने सांडल्यावानी!"

"दूध तेवढंच होतं, आत्याबाई."

"दूध तेवढं व्हतं तर भांडं तेवढं घ्यावं. फायनलात हे शिकवत न्हाईत?"

"तपेलं पोशेऱ्याला राहिलं त्याचा राग नाही ना तुम्हाला?"

"तपेलं जातंय कुठं? त्याच्यावर नाव हाय," सासूबाई म्हणाल्या. "माझी अब्रू गेली त्याचं बघ. ते पाड्याचं लोक आता तपेलं काठोकाठ भरून द्यायला नागलीकडं डोळं लावून बसल्यात. चार घोट खिरीपायी!"

हे मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस मी तपेल्याचीच काळजी करत होते, ते भरणाऱ्यांची केली नव्हती.

सासूबाई जामसरला परत गेल्या नाहीत. नवं दुसऱ्या भांड्यात शिजवायचं नाही, आणि तपेलं आल्याशिवाय हलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. जामसरहून पारूचा निरोप आला की पोरं नव्या भाताकडे बघून थुंकी गिळतात. सासूबाईंनी उलट निरोप धाडला, गिळू दे, दात बळकट होतात. देव काय कचेरीत जातात, की वेळ चुकली म्हणून बोंबलतील? मी रोज डब्याच्या तळाशी उरलेला जुना तांदूळ निवडून शिजवत होते आणि मनातल्या मनात ते लाटवियन वाक्य म्हणत होते, पण आता कशासाठी म्हणतेय ते माझं मलाच सांगता आलं नसतं.

मिल्डाबाई मधे एकदा येऊन गेली. सासूबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. तिचा देश विलीन झाल्याचं मी त्यांना सांगितलं होतं.

"तुमच्या राजाला तनखा मिळतो का?" सासूबाईंनी विचारलं.

"राजा नव्हता आमच्याकडे, धोंडीबाई."

"राजा नव्हता, मग विलीन काय केलं?"

"माणसं," मिल्डाबाई म्हणाली.

सासूबाई उठून आत गेल्या आणि तिच्यासाठी नागलीची भाकरी आणली. मिल्डाबाईला ती फार आवडायची. तिच्या देशातली भाकरीही अशीच काळी असते म्हणायची.

दसरा होऊन गेला. एका बाजाराच्या दिवशी, ऊन चढायच्या आत, दारात काळी उभी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तपेलं, मागे बुध्या आणि पोराला पाठीशी बांधलेली रामी. पोशेऱ्याहून अंधारात निघून चालत आले होते. काळीने तपेलं खाली ठेवलं, वरचं सागाचं पान काढलं. नागली काठोकाठ, वर शीग आलेली.

"पैलं आमचं नवं केलं," काळी म्हणाली, "देवाला दावलं. मंग पैलं माप तुमचं. घे बाय. लई दिस ठेवलं."

मी पुढे झाले, पण सासूबाईंनी मला हाताने बाजूला केलं आणि स्वतः काळीच्या पाया पडायला वाकल्या. काळी घाबरून मागे सरली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींना वाकू द्यायला तयार नव्हत्या, त्यामुळे बराच वेळ उंबऱ्यात नुसती ओढाताण चालली.

"माझी सून अजून लहान हाय," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "तिला माप कळत न्हाई. तुमी मनावर घेऊ नगा."

"कसलं माप?" काळी म्हणाली. तिला खरंच कळलं नाही.

सासूबाईंनी नागली सुपात ओतली. तपेलं धुतलं. फडक्यातला नवा तांदूळ माझ्या पुढ्यात ठेवला.

"चंद्रे, चूल पेटव. नवं लाव."

मी चूल पेटवली. "किती लावू?"

"आता परत इचारतेस?"

मी काठोकाठ लावला. इतका की भात वर आल्यावर झाकण उचललं गेलं, पाणी चुलीवर उतू गेलं, आणि घरभर नव्या तांदळाचा वास सुटला. पितरांचं पान वाढलं, देवाला दाखवलं. मग सासूबाईंनी पहिलं पान काळीला वाढलं. मिल्डाबाईला बोलावलं, भागीवहिनींना बोलावलं, तुका हाक न मारताच आला. भात थोडा खाली लागला होता. पारूवहिनींना हे कळायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

निघताना काळीने पोराला सासूबाईंच्या पायावर घातलं. आणि मग, मी बघते आहे तोवर, सासूबाईंनी धुतलेलं तपेलं पुढे ओढलं, जामसरच्या नव्या तांदळाने काठोकाठ भरलं आणि काळीच्या चुंबळीवर ठेवलं.

"आत्याबाई!" मी न राहवून म्हणाले.

"काय गो?"

"काही नाही."

मिल्डाबाई माझ्या शेजारी उभी होती. ती लाटवियनमध्ये काही म्हणाली नाही. नुसती हसली, त्या नकाशाच्या दिवशी हसली होती तशी. तपेलं मिळवायला मी भाद्रपदापासून जीव टाकत होते आणि ते माझ्या घरात एक सकाळ राहिलं.

तेव्हापासून ते तपेलं एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष पोशेऱ्याला असतं. इकडून तांदूळ जातो, तिकडून नागली येते. नाव झिजून आता नुसते ठिपके राहिलेत. यंदा ते रामीच्या नातवाकडे आहे. तो मोटरसायकलवरून आणतो, पुढच्या टाकीवर ठेवून, नाव लोकांच्या बाजूला करून.

मिल्डाबाईचा भाऊ कुठल्याशा लांबच्या देशात जिवंत सापडला. छप्पन-सत्तावन साल असेल, ती त्याच्याकडे निघाली. मी तिला बोटीवर खायला नागलीचे लाडू दिले, माझ्या पितळेच्या डब्यात. डबा लहान घेतला होता, पण भरून, झाकण बसेना इतका. जीपमध्ये बसताना ती म्हणाली, "चंद्रकला, डबा?"

"असेल तेव्हा," मी म्हटलं.

तो डबा अजून आलेला नाही. भागीवहिनींची शेळी आली, जोडवी आली, वाड्याचा नवराही आला. डब्यात काय घालावं ते तिला अजून ठरवता आलं नसेल. विचार करत असेल. असू दे. घाई नाही.